पहिलं पाणी फेकायचं नसतं

अधिक महिन्यात जावयाला धोंडे जेवायला बोलावतात, त्याचे पाय धुतात, त्याला साक्षात नारायण समजतात. सगळं मान्य. पण हा महिना कधीमधी भर ज्येष्ठात येतो आणि सासरवाडी लातूरला असू शकते, याचा विचार ही रीत पाडणाऱ्याने केलेला दिसत नाही. यंदा तसंच झालं. नांदेडहून एसटीत बसताना मी डोक्यावर ओला रुमाल टाकला होता, तो अहमदपूर यायच्या आत वाळून पापड झाला.

"अहो, काढा तो रुमाल. लोक बघायलेत," माझी बायको दीपाली म्हणाली.

मी काढला नाही. बघणाऱ्यांच्या डोक्यावरही रुमालच होते.

मला धोंड्यांची ओढ नव्हती, अनारशांची तर नव्हतीच. मी निघालो होतो तो सासूबाईंच्या फ्रीजसाठी. कपाटाएवढा, दोन दारांचा फ्रीज. दाराला पेला लावला की गार पाणी येतं आणि बटण दाबलं की बर्फाचे खडे पडतात. लातूरच्या त्या गल्लीत असला फ्रीज दुसऱ्या कुणाकडे नव्हता. तो घरात का आला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

तीन वर्षांमागे असाच अधिक महिना होता. माझे थोरले साडू भुजंगराव, म्हणजे दीपालीच्या बहिणीचे, मंजुषाचे यजमान, पाटावर बसले होते. धर्माबादला त्यांचं मिरचीचं दुकान आहे आणि जिभेवरही तोच माल असतो. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या धुरपतामामींनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. भुजंगरावांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "मामी, पानी कोमट हाय. पण तुमचं बी काय चुकत न्हाई म्हना. आमच्याकडं पानी नळानं येतंय, तुमच्याकडं रेल्वेनं येतंय."

पंगत हसली. शेजारच्या नागम्मा हसल्या, माझे सासरे, म्हणजे मामा, हसले, खोटं कशाला बोलू, मीही हसलो. धुरपतामामी तेवढ्या हसल्या नाहीत. ज्या उन्हाळ्यात लातूरला खरंच रेल्वेने पाणी आलं, तेव्हा त्या टँकरपुढे घागर घेऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तांब्या उचलला आणि आत गेल्या. पुढे त्यांनी भिशी उचलली आणि फ्रीज आणला. भुजंगरावांनी ह्याच घरात, ह्याच पाटावर बसून पाण्याला चांगलं म्हणायचं, एवढं एकच त्यांना पाहिजे होतं. त्यासाठी त्यांनी पुढच्या अधिक महिन्याची वाट पाहिली होती. यंदा भुजंगराव आणि मंजुषा आमच्यामागून दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. आम्ही एक दिवस आधी पोचलो.

मी घरात शिरलो, चपला काढल्या आणि पाणी मागितलं. मामींनी मोठ्या तोऱ्यात पेला फ्रीजच्या दाराला लावला. करगोट्याच्या दोऱ्याएवढी धार आली. तीही थांबत थांबत. पेला भरेपर्यंत माझं गावाकडचं सगळं सांगून झालं.

"दार जरा हळू चालायलंय दोन म्हैन्यापास्नं," मामी खालच्या आवाजात म्हणाल्या.

"आणि हा लाल दिवा?"

"लाल म्हंजे चालू," मामा म्हणाले. "टीव्हीचा बी लालच असतोय की."

माझे सासरे भगवानराव एका डाळ मिलमध्ये मुनीम होते. आता निवृत्त आहेत, पण अजूनही कुठलीही शंका विचारली तर लगेच उत्तर देतात. उत्तर बरोबर असावं असा त्यांचा आग्रह नसतो.

मी बर्फाचं बटण दाबलं. आत काहीतरी कण्हलं आणि गप्प झालं. मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत उद्याची सगळी पंगत मला दिसली, भुजंगरावांच्या वाकड्या तोंडासकट. मी बाह्या सरसावून उठलो.

"बसा!" मामी, मामा आणि दीपाली तिघंही एकदम ओरडले.

"अहो, बघतो फक्त."

"धोंड्याच्या जावयानं कामाला हात लावला तर मला पाप लागंल," मामी म्हणाल्या. "तुमी नारायण हाव. नारायण फ्रीज दुरुस्त करत न्हाई."

मामांनी मेकॅनिकला फोन लावला. तो शिरूर अनंतपाळला होता. त्याच्या सासरवाडीत. तोही पाटावर बसला होता आणि त्याचे पाय धुणं चाललं होतं. "परवा येतो साहेब," तो म्हणाला, "आत्ता उठलो तर सासू रागवंल." त्या महिन्यात मराठवाड्यातला एकही जावई कामाचा उरलेला नसतो, हे मला तेव्हा कळलं.

मग मला कूलरसमोर खुर्ची दिली आणि माझ्या तोंडी सूचनांवर मामांनी काम करायचं ठरलं. सांगणारा नारायण आणि ऐकणारा मुनीम. तासाभरात माझा घसा बसला.

"मामा, वरचं दार उघडा. बर्फाचा डबा बाहेर ओढा."

मामांनी ओढला. डब्यात तुरीची डाळ होती. मुगाची होती. रवा, शेंगदाणे आणि एका पिशवीत गेल्या वर्षीचे सांडगे होते.

"मामी, हे काय?"

"पोरकिडे लागतेत डाळीला. पावसाळ्यात कोण बर्फ खातंय? जागा खामखा मोकळी पडली हुती."

डब्यावर एक तारेचा दांडा असतो. डबा भरला की दांडा वर उचलला जातो आणि बर्फ करणं थांबतं. यंत्राची तेवढीच अक्कल. तुरीच्या डाळीने तो दांडा पावसाळ्यापासून वर धरून ठेवला होता आणि बर्फ पुष्कळ झाला अशा समजुतीने यंत्र स्वस्थ बसलं होतं. डाळ निघाली, दांडा खाली आला. मामींनी समाधानाने हात पुसले. पण बर्फाला पाणी लागतं आणि पाण्याची धार ती तशीच होती.

"आता फिल्टर. उजव्या अंगाला नळकांडं आहे बघा. फिरवून काढा."

मामांनी काढलं. त्याची जाळी आमच्या एसटीच्या काचेसारखी झाली होती. टँकरचं, बोअरचं आणि नळाचं, तीन तऱ्हेचं पाणी त्याने फ्रीज आल्यापासून निमूट गाळलं होतं. मी म्हणालो, "हा संपला. नवा लागेल." एवढं बोलून मी तोंड धुवायला मोरीत गेलो. चूक झाली. परत आलो तर मामीही नाहीत आणि फिल्टरही नाही.

दोन्ही गच्चीवर सापडले. मामींनी फिल्टर चिंचेच्या पाण्यात बुडवून, नारळाच्या शेंडीने घासून, कुरडयांच्या शेजारी उन्हात वाळत घातला होता.

"आवो, पयले कँडलचा फिल्टर हुता आपल्याकडं. दर शनिवारी घासत हुते मी. एक कँडल चार वर्षं चालवली."

"मामी, हा घासायचा नसतो."

"सगळं घासायचं असतंय, पाव्हणं."

फिल्टर परत बसवला. तो जरा वाकडा बसला आणि सगळं पाणी मामांच्या छातीवर आलं. मामी धावल्या. मला वाटलं, मामांसाठी धावल्या. त्यांनी मामांच्या खाली पातेलं धरलं.

"मामी, नवा फिल्टरच लागेल. बाजारात मिळतो का बघू."

"नवा हाय की. देवघरात."

मी खुर्चीत ताठ झालो. "नवा आहे? मग इतके दिवस का लावला नाही?"

"नवा हाय म्हून तर जपून ठिवला."

फ्रीजबरोबर मिळालेला जादा फिल्टर देवघरातल्या कपाटात, माहितीच्या पुस्तकासह, प्लॅस्टिकमध्ये जसाच्या तसा होता. फक्त त्यावर हळद-कुंकू होतं. खंडेनवमीला मामांच्या अडकित्त्याबरोबर आणि विळीबरोबर त्याचीही पूजा झाली होती. मला राग आला होता, पण त्या बाईच्या काळजीवर रागावणं जमलं नाही. त्यांनी तो खरोखरच जिवापाड जपला होता.

दीपालीने कुंकू पुसून तो मामांच्या हाती दिला. या वेळी तो टक्कन बसला, लाल दिवा हिरवा झाला आणि मामींनी दाराला पेला लावला. आधी फस्‌फस् करून हवा आली, मग पाणी. धार चांगली जाड होती. फक्त पाणी काळं होतं.

"हे बगा," मामा म्हणाले. "आपला जुनाच बरा हुता."

मी माहितीचं पुस्तक उघडलं. धोंड्याच्या जावयाला वाचायला कुणाची बंदी नव्हती. "त्यात कोळशाची भुकटी असते," मी वाचून सांगितलं. "सुरुवातीला ती निघते. पहिलं बादलीभर पाणी फेकून द्यायचं. मग स्वच्छ येतं."

मामी पेला तसाच धरून माझ्याकडे वळल्या. कूलरसुद्धा त्याच वेळी खडखडायचा थांबला.

"काय करायचं?" मामींनी विचारलं.

"फेकून द्यायचं."

"पानी?"

"हो."

"लातुरात?"

"मामी, पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिवणारा लातूरचा हाय का?"

तो लातूरचा नसावा. मी पान उलटून पाहिलं, पत्ता कुठल्या तरी लांबच्या देशातला होता.

"मंग त्याला काय म्हाईत? नळाला आठ दिवसांनी पानी येतंय. आन् मी बादलीभर मोरीत सोडू? वरनं देव बगायला."

"मामी, उद्या भुजंगराव—"

"भुजंगराव उद्या. पानी आज."

दीपालीने सुचवलं, भांडी घासू त्या पाण्याने. मामा म्हणाले, कढीपत्त्याला घालू. दोन्ही मामींना पटेना. पिण्यासाठी गाळलेलं पाणी भांड्यांना घालणं त्यांना दारात ओतण्याइतकंच वाईट वाटत होतं. त्या फ्रीजसमोर घागर घेऊन उभ्या होत्या. इकडे बघत होत्या, वर बघत होत्या. माझी खात्री आहे, तो तोडगा जगात दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईला सुचला नसता.

"आवं," त्या मामांना म्हणाल्या, "ही घागर वर न्या. टाकीत वता."

"कशाला?"

"टाकीतनं खाली यील. परत गाळंल. काळं जाईस्तोवर न्यायचं."

मी पुस्तकात शोधलं. असं करू नका, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. बहुतेक लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल.

मग संध्याकाळभर त्या घरात एकच पाणी फिरत राहिलं. फ्रीजच्या दारातून घागरीत, घागरीतून जिन्याने गच्चीवर, टाकीत, टाकीतून पाइपाने परत फ्रीजच्या दारात. मामी पेला धरायच्या, दीपाली घागर सरकवायची आणि मामा जिना चढायचे. त्यांचे गुडघे आधीच बोलके होते, त्या दिवशी तर सारखे बोलत होते. मी उठायला लागलो की सगळे ओरडत होते, म्हणून मी बसून राहिलो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. पुढ्यात अनारशांची ताटली, कूलरचा वारा, आणि सत्तरीचा सासरा घागर घेऊन माझ्यासमोरून वर चाललेला.

नागम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. "अय्यो शिवा! भगवानराव, नळ खाली हाय आन् तुमी पानी वर न्यायलाव?"

"फ्रीज दुरुस्त करायलोय," मामा दम खात म्हणाले.

नागम्मांनी सगळं नीट बघून घेतलं आणि त्या निघून गेल्या. गल्लीत बातमी पोचायला त्यांना फार वेळ लागला नसणार, कारण थोड्या वेळाने आणखी दोघीजणी साखर मागायला आल्या.

आणि ते पाणी निवळलं. आधी काळं, मग राखाडी, मग ताकाच्या निवळीसारखं, आणि शेवटी नितळ. मामींनी पेला उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि माझ्यापुढे केला. मी प्यायलो. इतकं छान पाणी मी खरंच प्यायलो नव्हतो. तसं म्हणालोही. पण माझ्या म्हणण्याला त्या घरात भाव नव्हता. मी धाकटा जावई, मला सगळंच आवडतं.

पुस्तकात आणखी एक वाक्य होतं, पहिला बर्फही टाकून द्यावा. ते मी मोठ्याने वाचलं नाही. झोपायच्या आधी डब्यात पहिले खडे पडले, त्यांच्यात काळे ठिपके होते. मामींनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळे खडे कूलरच्या पाण्यात टाकले. त्या उन्हाळ्यातली माझी ती पहिली गाढ झोप.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुजंगराव आले. घामाने भिजलेला पांढरा शर्ट आणि मागून सुटकेस ओढत मंजुषा. आल्या आल्या भुजंगरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "काय साडभाऊ, मिळालं का पानी प्यायला?" मामी आतून ऐकत होत्या. परातीत पाय धुतले, ते पाणी कढीपत्त्याला गेलं. आम्ही दोघं पाटावर बसलो. ताटात धोंडे, वरून तूप. मामींनी काचेचा पेला घेतला, फ्रीजच्या दाराला लावला आणि बर्फाचं बटण दाबलं.

खडखड खडे पडले. काचेसारखे नितळ. वरून पाणी आलं. पेल्याला बाहेरून घाम फुटला. मामींनी तो भुजंगरावांपुढे ठेवला आणि त्या मागे सरकल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या. हा माणूस काही वाकडं बोलला तर मी नारायणपण सोडून त्याच्या अंगावर जाईन, असं मी ठरवून टाकलं.

भुजंगराव प्यायले. सगळा पेला. मग बर्फाचा खडा तोंडात घेऊन कडकडा चावला. बोलले काहीच नाहीत. पेला पुन्हा पुढे केला. मामींनी भरला. तोही संपला. तरी शब्द नाही. मामींचा चेहरा उतरायला लागला. गप्प बसलेल्या माणसाला काय करणार? त्याने चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही, आणि असा माणूस उद्या धर्माबादला जाऊन काहीही सांगू शकतो.

मामांनी रीतीप्रमाणे विचारलं, "जावईबापू, धोंड्याचं वाण काय पायजे ते मागा. मंग घास घ्या."

भुजंगराव मागे रेलले, मिशीवरचं पाणी पुसलं आणि म्हणाले, "फ्रीज द्या."

मंजुषाने कपाळाला हात लावला. दीपालीने माझ्या मांडीला चिमटा काढला, जणू मीच मागितला होता.

"मस्करी करायलेत," मंजुषा म्हणाली.

"मस्करी न्हाई. फ्रीज मिळाल्याबिगर मी घास घेत न्हाई."

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरी हाय की फ्रीज."

"हाय. बर्फाचाच हाय."

"मंग?"

"त्याच्यातनं असलं पानी येत न्हाई, मामी. धर्माबादला काय, मी कुटंच असलं पानी पिलो न्हाई."

मामी वळल्या आणि त्यांनी खिडकीतून हाक मारली, "नागम्मा! ए नागम्मा! जरा हिकडं या." नागम्मा इतक्या लवकर आल्या की त्या भिंतीला कान लावून बसल्या असाव्यात.

"जावईबापू, काय म्हणलाव, परत म्हना."

"काय म्हणलो? फ्रीज द्या म्हणलो."

"त्याच्या म्होरलं."

भुजंगरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मंजुषाने डोळे वटारले. "म्हना की," ती म्हणाली. "आई सांगायलीय ना."

"लातूरसारखं पानी कुटं पिलो न्हाई," भुजंगराव म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. त्यांना कळलं होतं. त्यांना ते तीन वर्षांपूर्वीचं वाक्य आठवलं होतं, आणि त्यांनी मान खाली घातली. "मामी, त्या टायमाला मी उगंच बोललो."

मामींनी पदराने डोळे पुसले. नागम्मांनीही पुसले, त्यांचं काही नव्हतं तरी. मामी फ्रीजजवळ गेल्या, दारावरून एकदा हात फिरवला, आणि म्हणाल्या, "न्या."

"आँ?" भुजंगराव म्हणाले.

"न्या म्हणलं. वाण मागितलं, दिलं. घास घ्या आता."

"आई!" दीपाली आणि मंजुषा एकदम किंचाळल्या.

"मामी, मी आपलं... म्हंजे, गंमत..." भुजंगरावांच्या हातातला धोंडा ताटात पडला. "एवढा मोठा फ्रीज! तुमी एवढ्या हौसंनं आणला!"

"हौस कुटली?" मामी म्हणाल्या. "मला बर्फ सोसत न्हाई, दात ठणकतेत. मी ह्याच्यातलं पानी कवाच पीत न्हाई. तुमच्या तोंडातनं एक शब्द काढायचा हुता, त्येवढ्यासाठी आणला हुता. निगाला. आता ठिवून काय करू?" आणि लगेच, सवयीने, बोट दाखवून, "फिल्टर बदलला तर पयलं पानी फेकायचं न्हाई. वर टाकीत न्यायचं."

भुजंगराव हात जोडून नको नको म्हणत होते, मंजुषा त्यांच्यावर चिडली होती, दीपाली आईची समजूत घालत होती, नागम्मा शिवाचं नाव घेत होत्या. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मामा मात्र शांतपणे उठले. गुडघ्यावर हात ठेवत, लंगडत फ्रीजपाशी गेले, आणि कुणाचा विचार बदलायच्या आत त्यांनी प्लग काढला.